पेटीत उजेड शिरतोय का? आज रात्रीच टॉर्च लावून बघा



घरच्या एअरोपोनिक पेटीत शेवंतीची कलमे करणाऱ्या सभासदांसाठी आजचा सल्ला. मेसेज थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचा.

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांचे फोटो आले. तक्रार जवळपास एकच: मुळी सुटत नाही, कलमाच्या बुडाला चिकट लागतंय, पाण्याला वास येतोय. आणि प्रश्नही एकच, कोणतं बुरशीनाशक टाकू? फोटो मोठा करून बघितला तर पेटीच्या आतल्या भिंतीवर हिरवट थर दिसतो. ते शेवाळ आहे, आणि शेवाळ उजेडाशिवाय वाढत नाही. त्यामुळे औषधाचं नंतर बघू, आधी उजेड कुठून शिरतोय ते शोधा.

उघड्या हौदात शेवाळ धरतं, झाकणाच्या काळ्या टाकीत धरत नाही, हे आपण रोज बघतो. पेटीतही तेच होतं, फक्त नुकसान जास्त. शेवाळ नोझलच्या बारीक भोकात अडकतं, तुषार कमी होतो आणि त्या बाजूची कलमं सुकतात. दिवसा शेवाळामुळे पाण्याचा सामू वर चढतो. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढतं. मेलेल्या शेवाळावर मूळकूज करणाऱ्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. म्हणजे बुरशी असेलही, पण तिला बोलावणारा उजेडच.

दुसरं म्हणजे कलमाला मुळी फुटायलाही बुडाशी अंधार लागतो. मातीत किंवा कोकोपीटमध्ये तो फुकट मिळतो, पेटीत आपल्याला करावा लागतो. काही जण म्हणतात, पॉलीहाऊसवाले शेवंतीला रात्रीसुद्धा बल्ब लावतात, मग उजेड वाईट कसा? तो उजेड पानांना असतो, लवकर कळी धरू नये म्हणून. वर पानांना उजेड, खाली बुडाला अंधार, अशी वाटणी ठेवायची.

माझी पहिली पेटी मी रंगाच्या पांढऱ्या बादलीची केली होती. झाकण घट्ट, भोकं नीट, म्हटलं काम झालं. दहाव्या दिवशी कलमं उचलली तर बुडं तपकिरी आणि बुळबुळीत. सगळी फेकली. उजेड भोकातून नाही, बादलीच्या भिंतीतूनच आत येत होता. उन्हात बघितलं तर बाहेरून पाण्याची पातळी दिसत होती, तरी तेव्हा डोक्यात आलं नाही 😅

*तपासणी कशी करायची*

पंपाचा प्लग काढा. पेटी रिकामी करून पुसून घ्या. कलमांच्या जागी कॉलर बसवा, म्हणजे खरी स्थिती कळेल. रात्री मोबाईलचा टॉर्च चालू करून मोबाईल पेटीच्या तळाशी ठेवा, झाकण लावा आणि घरातले दिवे बंद करा. दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग चारही बाजूंनी आणि वरून बघा. आतला उजेड जिथून बाहेर दिसतो, तिथूनच दिवसा बाहेरचा आत जातो. प्रत्येक जागेवर मार्करने खूण करा. टॉर्च दोन-तीन ठिकाणी हलवून पुन्हा बघा, कारण कोपऱ्यातली फट एका जागेवरून दिसत नाही.

अख्खी भिंतच उजळली तर पातळ प्लॅस्टिकचा दोष आहे. निळे आणि हिरवे टबही यात येतात, रंग गडद दिसला म्हणून फसू नका. मल्चिंग पेपरचा उरलेला तुकडा प्रत्येकाकडे असतोच. काळी बाजू आत, चंदेरी बाजू बाहेर ठेवून दोन पदर घट्ट गुंडाळा आणि टेप मारा. रंग द्यायचा असेल तर बाहेरूनच द्या, आतून कधीच नाही. आधी पॉलिश पेपरने घासा, मग काळा रंग आणि तो वाळल्यावर वरून पांढरा. नुसता काळा ठेवला तर या उन्हाळ्यात पाणी तापेल. २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. पेटी सावलीतच ठेवा, पत्र्याखाली नको.

सगळ्यात जास्त उजेड झाकणाच्या कडेतून जातो, कारण ती फट पूर्ण गोल फिरते. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून कडेवर बसवा, झाकण दाबून बसतं. वायर आणि पाईपच्या भोकांना ठिबकचं रबरी ग्रोमेट चालतं. हवेसाठी भोक ठेवलं असेल तर ते बुजवू नका, तिथे काळ्या पाईपचा एल्बो खाली तोंड करून लावा. हवा वळते, उजेड वळत नाही. पातळी बघायची पारदर्शक नळी असेल तर तिच्यावर काळ्या पाईपचा तुकडा सरकवून ठेवा, बघायचं तेवढ्यापुरता वर करा.

कॉलरसाठी गादीचा पांढरा स्पंज नको, काळी जाड फोमशीट घ्या. बारा भोकं आणि दहाच कलमं असतील तर उरलेली दोन भोकं बंद केलीच पाहिजेत. हे सांगायला नको खरं, पण निम्म्या फोटोंत भोकं उघडी आहेत!

*शेवाळ आधीच आलं असेल तर*

पाणी फेकून द्या. पेटी, पंप, नोझल ब्रशने घासा, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, दोन-तीनदा साध्या पाण्याने खळखळून उन्हात वाळवा. ठिबकचं ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. पाण्यात मोरचूद टाकू का, असं दोघांनी विचारलंय. टाकू नका, कोवळी मुळी जळते. मुळी दिसेपर्यंत खतही टाकू नका, साधं पाणी पुरतं. खत टाकलं की कलमाआधी शेवाळच ते खातं.

शेवंतीला मुळी सुटायला दहा ते पंधरा दिवस जातात. आत्ता एक खेप वाया गेली तर लागवड तेवढी पुढे जाते आणि दसऱ्याचं फूल हुकू शकतं. म्हणून नवीन कलमं भरण्याआधी टॉर्च लावून बघा. अंधारातला एक फोटो याच मेसेजच्या उत्तरात पाठवा, मी बघून कोणती फट आधी बंद करायची ते सांगतो.