वाइनची चव शिकायची, तर खर्च किती?

वाइन चाखायला शिकायचं म्हटलं की नाशिकचंच नाव निघतं. खापरखेड्याहून नाशिक म्हणजे नागपूर गाठून पुढे रेल्वेने साधारण 650 किलोमीटर. स्लीपरने जाऊन-येऊन 800 रुपयांच्या आसपास. गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांपर्यंत टॅक्सी, एका रात्रीची खोली, जेवण आणि टेस्टिंगचं तिकीट धरलं तर माणशी पाच-सहा हजार सहज जातात. त्यात चाखायला मिळतात मोजके घोट. नवशिक्याने पहिले पैसे तिथे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा चौघे जमा. नागपुरातून तीन बाटल्या आणा: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या दोन पांढऱ्या आणि शिराझ ही रेड. सुलासारख्या नाशिकच्या किंवा अकलूजकडच्या फ्रातेलीच्या साध्या बाटल्या साधारण 800 ते 1,100 रुपयांना मिळतात. राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला 2001 च्या धोरणापासून उत्पादन शुल्कात सवलत आहे. परदेशी बाटलीत तुम्ही बराचसा करच पिता. चाखण्यापुरता घोट 50 मिलिलिटरचा, म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीत पंधरा घोट. तोंडाशी निमुळते चार काचेचे ग्लास 800-1,000 रुपयांत येतात. सगळं मिळून माणशी हजाराच्या आसपास, आणि ग्लास पुढेही कामाला येतात.

बाटली उघडण्याआधीचा धडा जवळजवळ फुकट आहे. एका कपात लिंबूपाणी, दुसऱ्यात साखरपाणी, तिसऱ्यात दहा मिनिटं उकळलेला बिनदुधाचा चहा. लिंबाने जिभेच्या कडांना पाणी सुटतं. चहाने हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जांभळं खाल्ल्यावर पडते तशी. शिराझमध्ये हाच तुरटपणा शोधायचा, सोव्हिन्यों ब्लाँमध्ये लिंबाचा आंबटपणा, शेनिन ब्लाँमध्ये साखरपाण्याचा किंचित गोडवा. वासासाठी संत्र्याची साल नखाने दाबून हुंगा, मग ग्लासात एक इंच वाइन ओतून फिरवा आणि हुंगा. काय आठवलं ते वहीत लिहा. चुकीचं उत्तर नसतं, पण ‘छान आहे’ हे उत्तरच नव्हे.

पुस्तकात रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्या म्हणतात. ती खोली युरोपातली! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. कपाटातली बाटली महिनाभरात बिघडते. लागेल तेव्हाच आणा, फ्रिजमध्ये ठेवा. रेडसुद्धा अर्धा तास गार करूनच ओता. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालते.

सावजी रश्शासोबत शिराझ मात्र नको. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. गार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ तिथे बरी.

चव कळू लागली की नाशिकला जरूर जा, तेही जानेवारी ते मार्चमध्ये, द्राक्षतोडणी चालू असताना. प्रमाणपत्राचा डब्ल्यूसेट अभ्यासक्रम मुंबईत होतो. पहिल्या पातळीलाही प्रवास-मुक्काम वेगळा धरून काही हजार फी मोजावी लागते. हॉटेल व्यवसायात जायचं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि नाशिकहून बाटल्या बॅगेत घालून आणण्याच्या भानगडीत पडू नका. परतीची गाडी वर्ध्यावरून येते, तो दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि तेच लेबल नागपुरातही मिळतं.