सांध्याचा नियम

सायकलीची साखळी तुटली म्हणून कोणी सायकल टाकून देत नाही. दुकानातून नवी साखळी आणावी, बसवावी आणि पुढे निघावे. ती साखळी घडविणाऱ्यांनी तुमची सायकल कधी पाहिलेलीही नसते. तरी ती चक्राच्या दात्यांवर नेमकी बसते. कारण साखळीतील लगतच्या दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असावे, हे पूर्वीच ठरून गेलेले आहे. यंत्राचे दोन भाग जेथे एकमेकांस मिळतात, त्या जागेला आपण सांधा म्हणू.

संगणकांच्या बाबतीत एके काळी अशी सोय नव्हती. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील आयबीएम ही कंपनी या धंद्यात अग्रेसर होती. तिचे संगणक खोलीभर मोठे असत व पुष्कळ गिऱ्हाइके ते भाड्याने घेत. समजा, एखाद्या विमा कंपनीचा व्याप वाढला आणि तिने मोठा संगणक आणला. यंत्राने क्रमाने काय करावे हे सांगणारी आज्ञावली तिच्या लोकांनी वर्षानुवर्षे खपून लिहिलेली असे. पण नव्या यंत्राला जुन्याची भाषा कळत नसे! ती सारी पुन्हा लिहावी लागे. छपाईची व चुंबकीय फितींची जुनी यंत्रेही बहुधा नव्या संगणकाला जोडता येत नसत. मग गिऱ्हाइकाच्या मनात येई, की एवीतेवी सारे नव्याने करावयाचे, तर दुसऱ्या कंपनीचा संगणक काय वाईट?

१९६१ च्या अखेरीस आयबीएमच्या तज्ज्ञांच्या एका समितीने धाडसी सल्ला दिला : सगळे जुने प्रकार मोडीत काढावे आणि लहानमोठ्या संगणकांचे एकच कुटुंब निर्माण करावे. ७ एप्रिल १९६४ रोजी ते कुटुंब जाहीर झाले. त्याचे नाव सिस्टिम ३६०. वर्तुळाच्या ३६० अंशांप्रमाणे सर्व दिशांची कामे त्याने करावी, हा त्या नावातील भाव.

या कामाचे प्रमुख होते फ्रेड ब्रुक्स आणि रचनेचे मुख्य शिल्पकार जीन ॲमडाल. त्यांनी सांध्यांचे नियम आधी लिहून काढले. प्रत्येक संगणकाने कोणत्या आज्ञा ओळखाव्या, बाहेरची यंत्रे त्याला कशी जोडावी, हे सारे त्यात होते. नियम पाळून आतली रचना कशी करावी, याची मोकळीक ज्याला त्याला होती. म्हणूनच लहान संगणक न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट येथे आणि त्याहून मोठा इंग्लंडमधील हर्स्ली येथे, असे काम निरनिराळ्या ठिकाणी चालू शकले. अर्थात हे स्वस्तात झाले नाही. सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च झाले. कंपनीच्या त्या वेळच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाहून ही रक्कम मोठी होती. आज्ञावल्या तयार होण्यास तर फारच विलंब लागला. डाव फसता, तर कंपनी बुडण्याचीच भीती होती.

डाव फसला नाही. गिऱ्हाइके लहान संगणक घेऊन पुढे मोठा घेऊ लागली आणि त्यांची आज्ञावली कायम राहिली. पण सांधा एकदा उघड झाला, की तो मालकापुरता राहत नाही. १९६७ साली आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून बारा जण बाहेर पडले आणि त्यांनी माहिती साठविणाऱ्या तबकड्यांची यंत्रे करणारी स्वतःची कंपनी काढली. त्यांची यंत्रे आयबीएमच्या संगणकाला जोडता येत. अशा कंपन्या वाढल्या, त्या कमी दराने माल देऊ लागल्या, तेव्हा आयबीएमलाही आपले दर उतरवावे लागले. हा तिचा तोटा खराच. परंतु त्याच नियमांमुळे तिचा व्यापार केवढा तरी वाढला होता, हे विसरून चालणार नाही.

१९७० साली खुद्द जीन ॲमडाल यांनी नोकरी सोडली व स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९७५ मध्ये तिचा पहिला संगणक नासा या अमेरिकेच्या अंतराळ संस्थेकडे गेला. आयबीएमच्या यंत्रांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या त्याच्यावर जशाच्या तशा चालत होत्या.