एका घोडीनिशी टोकियोपर्यंत

चि. मैत्रेयीस,


तुझं पत्र मिळालं. जर्मनीत तयार घोडा विकत घ्यायचा आणि वर्षाभरात आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, उतरायचं, असा तुझा बेत दिसतो. पैशाचं तुझे बाबा पाहतील. मला काळजी आहे ती तुझ्या घाईची.

एस्टोनियाच्या दिना एलरमनकडे बघ. तिच्या देशाची वस्ती जेमतेम 13 लाख, आपल्या नाशिकहूनही कमी. या खेळात दबदबा जर्मनी, डेन्मार्क, ब्रिटनचा. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ती डोना ॲना या घोडीवर वैयक्तिक स्पर्धेत उतरली. ड्रेसाजमध्ये एस्टोनियाचा संघ तिथे नव्हताच. उकाड्याचा घोड्यांना त्रास नको म्हणून स्पर्धा संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात होत होत्या. अंतिम फेरीच्या 18 जणांत तिचं नाव आलं नाही. तरीही तिथवर पोचणं ही मोठीच कमाई आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

कारण त्या रिंगणात काय मागतात ते तुला ठाऊक आहे. 20 मीटर रुंद, 60 मीटर लांब वाळू. आत यायचं, मधोमध थांबायचं, एका हातात लगाम घेऊन पंचांना अभिवादन करायचं. तेवढा वेळ घोड्याने चारही पायांवर सारखा भार देऊन निश्चल उभं राहायचं. मागचा एक पाय जरा मागे राहिला की गुण गेले. पुढे जागच्या जागी दुडकी, एका ठिकाणी गिरकी, पावलागणिक पाय बदलत दौड. आणि साध्या चालीच्या गुणांना दुप्पट वजन! ताणाखालचा घोडा चालीतच उघडा पडतो. तिथे स्वाराला काही लपवता येत नाही. ग्राँ प्रीला, म्हणजे ऑलिंपिकच्या पातळीला, आठ वर्षांखालचा घोडा घेतच नाहीत, आणि बहुतेकांना त्याहून जास्त वर्षं लागतात. विकतचा घोडा हे सगळं शिकून आलेला असेल, पण तुझी मांड कच्ची असली तर तो तुझं ऐकेल कशाला?

वयाची चिंता सोड. जर्मनीच्या इसाबेल वेर्टने टोकियोत वैयक्तिक रौप्य मिळवलं तेव्हा ती 52 वर्षांची होती. युरोपला जाऊ नकोस असंही मी म्हणत नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्याला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. ती पोरं युरोपातच घडली. पण घर सोडून वर्षानुवर्षं राहिली, तेव्हा.

म्हणून सांगते, हे वर्ष इथेच, मुंबईत महालक्ष्मीच्या रिंगणात काढ. रिकिबीत पाय न घालता रोज बस. खरारा स्वतः कर, मोतद्दारावर टाकू नकोस. घोडा दमला की उतर. दिवाळीला मी येईन, तेव्हा मला फक्त चाल आणि थांबणं दाखव. ते मनाजोगतं झालं, तर जर्मनीसाठी तुझ्या बाबांशी मी स्वतः बोलेन.

तुझी,
आत्या