छपाई कागदावर नव्हे, फाइलीत

माती परीक्षणाचा अहवाल, प्रक्षेत्र चाचण्यांचे तक्ते, कृषी हवामान सल्ला ही कागदपत्रे एका संगणकावर तयार होतात आणि वाचली जातात दुसऱ्याच ठिकाणी. तेथे तोच प्रोग्रॅम व तोच फॉन्ट असेलच असे नाही. मग ओळी सरकतात आणि मोकळ्या जागा देऊन जुळवलेल्या तक्त्यात नत्राचा आकडा स्फुरदाच्या रकान्याखाली दिसू लागतो. अशा अहवालावरून खताची मात्रा ठरवली तर नुकसान शेतकऱ्याचेच होते. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे फाइलीत छपाई.

छपाईच्या वेळी काय घडते?

'प्रिंट' आदेश देताच प्रोग्रॅम पानाची मांडणी प्रिंटर ड्रायव्हरकडे सोपवतो. ड्रायव्हर ती प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरवतो. फाइलीत छपाई करताना हा मजकूर प्रिंटरकडे न जाता डिस्कवर साठवला जातो. त्याचे दोन प्रकार आहेत.

*पीआरएन फाइल :* विंडोजमधील 'प्रिंट टू फाइल' या चौकटीत खूण केल्यास ही फाइल मिळते. तिच्यात निवडलेल्या प्रिंटरच्या भाषेतील सूचना असतात. त्यामुळे ती उघडून वाचता येत नाही. त्याच प्रकारच्या प्रिंटरकडे पाठवून छापावी लागते.

*पीडीएफ फाइल :* १९९३ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने आणलेले हे स्वरूप २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. ही फाइल कोणत्याही विशिष्ट प्रिंटरवर अवलंबून नसते. फॉन्ट तिच्यातच अंतर्भूत करता येत असल्याने मोबाइलवरही पान जसेच्या तसे दिसते. नेहमीच्या कामासाठी हाच प्रकार योग्य होय.

कृती

१. फाइल उघडून कंट्रोल व पी ही बटणे एकत्र दाबावीत.
२. प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडावे. ही सोय विंडोज १० पासून आहे. क्रोम ब्राउझरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ', तर लिनक्सच्या अनेक प्रोग्रॅममध्ये 'प्रिंट टू फाइल' हा पर्याय असतो.
३. कागदाचा आकार ए४ (२१० × २९७ मिमी) ठेवावा. 'लेटर' हा आकार त्याहून रुंद, पण उंचीला कमी असतो. तो चुकून राहिल्यास पाने बदलतात.
४. रुंद तक्त्यासाठी आडवे पान निवडावे व सर्व रकाने एका पानाच्या रुंदीत बसवावेत.
५. फाइलीला गाव, हंगाम व दिनांक समजेल असे नाव देऊन ती साठवावी आणि लगेच उघडून तपासावी.

घ्यावयाची दक्षता

पीडीएफ हे मूळ फाइलीची जागा घेत नाही. दुरुस्तीसाठी मूळ फाइल जपावीच. पीडीएफमधील मराठी मजकुराची नक्कल करताना जोडाक्षरे व वेलांट्या अनेकदा विस्कटतात, त्यामुळे शब्दशोधही फसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये ही अडचण अधिक जाणवते. दुवे व अनुक्रमणिका टिकवायची असल्यास 'प्रिंट'ऐवजी 'एक्स्पोर्ट' किंवा 'सेव्ह अ‍ॅज' यांतून पीडीएफ करावे.

सर्वांत महत्त्वाची बाब डिजिटल स्वाक्षरीची. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. उतरवून घेतलेली मूळ फाइल उघडून ती पुन्हा फाइलीत छापली, तर नव्या प्रतीत स्वाक्षरीचे चित्र दिसते. परंतु तिची संगणकीय पडताळणी होऊ शकत नाही. म्हणून असा दस्तऐवज पुढे पाठवताना मूळ फाइलच जोडावी.

सराव

आपल्या प्रक्षेत्राच्या नोंदींचा एक तक्ता पीडीएफ करून मोबाइलवर पाठवावा. आकडे, रकान्यांची शीर्षके आणि जोडाक्षरे मूळ फाइलीशी ताडून पाहावीत. तिन्ही जुळल्यावरच तो अहवाल शेतकऱ्याकडे पाठवावा.