गाडी खाली बसवलीस, आता जरा ऐक

अगं, गाडी दिसते मात्र झक्कास. खोटं कशाला बोलू? आखूड स्प्रिंगा घातल्यावर चाकावरची ती मोठी फट गेली आणि आपली साधी स्विफ्ट एकदम रुबाबदार झाली. पण जामुलहून अहिवाऱ्याला येताना समोरून खटखट वाजतं, स्टिअरिंग डावीकडे ओढतं, आणि जो तो तुला अलाइनमेंट करून घ्यायला सांगतो. करूनही फरक पडला नाही ना? पडणारच नव्हता. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करायची. काही सैल किंवा अडकलेलं असताना गाडी मशीनवर चढवली, तर आज जुळवलेलं उद्याच्या खड्ड्यात हलतं.

आधी आवाज ओळख. गाडी उभी करून बॉनेट उघड, कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांग आणि तू शॉकरच्या वरच्या माउंटपाशी कान दे. मध्येच टंग् करून काही सुटल्यासारखं वाजलं, तर स्प्रिंग अडखळत फिरते आहे. माउंटचं बेअरिंग तरी गेलंय, नाहीतर स्प्रिंग नीट बसलेली नाही. चाकाच्या आतून टॉर्च मारून बघ. खालच्या वाटीत एक छोटी पायरी असते, स्प्रिंगचं टोक तिथे टेकलेलं असायला हवं. बोटभर इकडेतिकडे सरकलेलं दिसलं तर दुसरं काही शोधूच नकोस, आधी तेच सरळ करून घे.

ब्रेकरवरून उतरताना खट्ट होत असेल तर गोष्ट जास्त गंभीर आहे. मिस्त्रीकडे गाडी नीट स्टँडवर घेऊन चाक लोंबकळू दे आणि स्प्रिंग हाताने हलवून बघायला सांग. हलली, तर शॉकर पूर्ण उघडल्यावर ती आपली जागा सोडते, म्हणजे ती या शॉकरच्या मानाने आखूड आहे. तशी गाडी चालवू नकोस. आणि खड्ड्यात धप्पकन बसत असेल तर बंप स्टॉपचं रबर आपटतंय. शॉकरच्या दांड्याला एक केबल टाय बांध, घराकडे एक फेरी मार आणि तो किती वर सरकला ते बघ. रबरापर्यंत पोचला असेल तर कळलंच. ते रबर कापायचं की आखूड घालायचं, हे स्प्रिंग बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. मिस्त्रीच्या मनावर सोडू नकोस. जुने, दमलेले शॉकर असतील तर कडक स्प्रिंग त्यांना आवरत नाही आणि गाडी उसळत राहते, मग शॉकर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. खालच्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकतात. मग गाडी जमिनीवर टेकली की आतलं रबरी बुश ओला कपडा पिळावा तसं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडीची उंचीही नीट बसू देत नाही. ते बोल्ट सैल करून चाकांवर वजन असताना पुन्हा आवळून घे. रॅम्पवर सहज होतं.

आता ओढण्याचं. चारही टायरांत हवा सारखी आहे ना? असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघ (दिशेचा बाण असलेले नसतील तर). ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा.

टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरव. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवलं की करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं हवी त्यापेक्षा आत किंवा बाहेर वळली आहेत. गाडी खाली आली की चाकं वरून थोडी आत कलतात, त्याला कॅम्बर म्हणतात, आणि सगळे त्यालाच बोल लावतात. पण थोड्या कॅम्बरने टायर सावकाश झिजतो. टो मात्र बघता बघता खातो. स्विफ्टसारख्या गाड्यांत पुढे सहसा टोच तेवढा जुळवता येतो. कॅम्बर जुळवायचा असेल तर वेगळे बोल्ट लागतात. मागचा अॅक्सल एकसंध बीमचा, तिथे फिरवायला काहीच नाही. पण त्याचे आकडे घेच, कारण मागचा भाग तिरका असेल तर पुढे कितीही जुळव, स्टिअरिंग सरळ राहणार नाही. स्प्रिंगा बसायला दोनचारशे किलोमीटर जाऊ दे, मग मशीन. हेडलाइटही जुळवून घे. पुढचं आणि मागचं सारखंच खाली आलं नसेल तर झोत बदलतो.

आपल्या रस्त्याचंही बोलते. नंदिनीच्या चुनखडीची खाण, जामुलचा सिमेंट कारखाना, त्यांचे भरलेले ट्रक. डांबराच्या कडा तुटलेल्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतले कुणी मोजून घातलेत? गाडीच्या पोटाखालच्या १६०-१७० मिलिमीटर उंचीतून तुझ्या स्प्रिंगांनी ४० गेले आणि मागे तिघंजण बसले, की हिशोब तूच कर. माझं मत विचारशील तर सौम्य, २०-२५ मिलिमीटरच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉकर. नसतील परवडत तर मूळ बसव. रुबाब चार दिवसांचा, चेंबर फुटला तर ऑइल रस्त्यावर.

आणि कायदा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात १८२अ कलम आलं. नियमाबाहेरच्या दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. क्लेम करताना विमा कंपनीही हेच उकरून काढू शकते. म्हणून त्या जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नकोस, ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेव.

अलाइनमेंटसाठी पॉवर हाउसच्या बाजारात गाडी नेलीस की आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागून घे. देत नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघ. दोन्हींचे फोटो मला पाठव, मागच्या चाकांचे आकडे दिसले पाहिजेत.