एक किलो कापड, अर्धा किलो मीठ

मित्रांनो, एक प्रश्न विचारते. प्रामाणिकपणे उत्तर द्या. पर्यावरण अभ्यास हा विषय आपण सगळ्यांनीच दिलाय. त्यातलं आज काय आठवतं? माझ्या आठवणीत एवढंच आहे की आदल्या रात्री झेरॉक्स वाचली, "झाडे लावा, झाडे जगवा" हे पाच मार्कांच्या उत्तरात तीन वेळा लिहिलं आणि पास झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून हा विषय सगळ्या पदवी अभ्यासक्रमांना सक्तीचा झाला. आणि आपण त्याचं काय केलं, तर स्कोअरिंग सब्जेक्ट!

माझंही तसंच चाललं होतं. पण गेल्या वर्षी हा विषय माझ्या घरात शिरला. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. "एफ्लुएंट"ला मराठीत सांडपाणी म्हणतात हे मला मामाच्या तक्रार अर्जात पहिल्यांदा दिसलं!)

घरचीच गोष्ट

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. माझ्या काकांचं सूत रंगवण्याचं छोटं युनिट आहे. पंधरा-सोळा कामगार, एक बॉयलर, मागे सिमेंटच्या चार टाक्या. त्या टाक्यांना काका ईटीपी म्हणतात. माझ्या मामाचं शेत शिरोळ तालुक्यात, म्हणजे पंचगंगेच्या खालच्या अंगाला. मामाच्या विहिरीचं पाणी खारट झालंय आणि दोन एकर जमीन चोपण झालीय. मामानं आणि गावातल्या काही शेतकऱ्यांनी तक्रार अर्ज दिला. काही महिन्यांनी बऱ्याच युनिटना बंदची नोटीस आली. त्यात काकांचंही होतं.

त्या दिवाळीत आईबाबा एकमेकांशी फक्त फराळाबद्दल बोलत होते. काका मला म्हणाले, "अगं, मी एकट्यानं पाच-पन्नास लाखांचा प्लँट बसवला तर माझा रेट वाढणार. शेजारच्याचा नाही वाढणार. पार्टी त्याच्याकडं जाणार. मी बंद, आणि नदी हाय तशीच. यात पर्यावरणाचं काय भलं झालं, सांग तू इंजिनीअर!"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी शोधायला लागले.

आधी हिशोब करू

कॉटनला रिअॅक्टिव्ह डाय लावताना मीठ लागतं. पाण्यात कापसाच्या धाग्यावर थोडा ऋण भार येतो आणि डायवरही ऋण भार असतो. म्हणजे दोघं एकमेकांना ढकलतात. मीठ (साधं किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट) हे भांडण मिटवतं आणि डाय धाग्याकडे सरकतो. पण मीठ स्वतः धाग्यावर बसत नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं ते काम झालं की बाहेर पडतं.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे धरलेत, पण गडद रंगासाठी व्यवहारात असतात तसेच आहेत.

कापड १००० किलो. एक किलो कापडाला डाय-बाथचं पाणी ८ लिटर. लिटरला मीठ ६० ग्रॅम.

मीठ = ८ × ६० = ४८० ग्रॅम, दर किलो कापडाला!

म्हणजे एक किलो कापडामागे जवळजवळ अर्धा किलो मीठ. तुमचा २०० ग्रॅमचा काळा टी-शर्ट घ्या, त्याच्यामागे शंभर ग्रॅमच्या आसपास मीठ कुठल्यातरी नाल्यात गेलंय, नाहीतर कुणीतरी ते अडवलंय.

ब्लीचिंग, धुणं वगैरे धरून किलोला एकूण ८० लिटर पाणी लागलं असं समजा. दिवसाचं सांडपाणी ८० घनमीटर आणि त्यात मीठ ४८० किलो. भागाकार करा: लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे टीडीएस ६००० मिलिग्रॅम. (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. घरी आरओवाला छोटा मीटर बुडवून दाखवतो तेच.) या उद्योगात सांडपाण्याच्या टीडीएससाठी जी मर्यादा नेहमी सांगितली जाते ती २१०० ची. आपण जवळजवळ तिप्पट!

आता खरी गंमत. काकांच्या चार टाक्यांत चुना-तुरटी घातली की गाळ बसतो, हवा सोडली की बीओडी उतरतो, रंगही बराच जातो. पाणी स्वच्छ दिसतं. पण विरघळलेलं मीठ जसंच्या तसं राहतं. साध्या ईटीपीत मीठ काढायची सोयच नाही. मग लोक काय करतात? बोअरचं पाणी मिसळतात. ८० घनमीटरचं २३० केलं की आकडा २१०० च्या खाली येतो. पण मीठ? तेच ४८० किलो. मीटर फसला, जमीन फसत नाही. सोडियम मातीत साठला की मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वर कडक पापुद्रा येतो. मामा त्याला चोपण म्हणतो. आपल्या पुस्तकात त्याला सोडिसिटी म्हणतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायदे नाहीत असं अजिबात नाही. पाणी प्रदूषणाचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा आहे आणि आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. भोपाळ दुर्घटना (डिसेंबर १९८४) झाल्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८८ च्या दुरुस्तीनं जल कायद्यात कलम ३३-अ आलं. त्यानुसार मंडळ कारखाना बंद करायला सांगू शकतं, वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. काकांची नोटीस याच कलमाखाली होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात "प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यावी" हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे असं सांगितलं. २०२४ मध्ये जल कायद्यात पुन्हा दुरुस्ती होऊन बऱ्याच गुन्ह्यांना तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. (पाणी राज्यांचा विषय असल्यामुळे ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. बाकीच्या राज्यांनी ठराव करून घ्यायची.)

मोठ्या कंपन्यांसाठी आणखी वेगळं जग आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात सस्टेनेबिलिटीचा अहवाल द्यावा लागतो. पण काका तर शेअर बाजाराच्या आसपासही नाहीत! त्यांच्यापर्यंत सस्टेनेबिलिटी पोचते ती फक्त नोटीस बनून. विकसनशील देशात हीच अडचण आहे. पुस्तकात कायदा कडक असतो, तपासणी कधीतरी होते, आणि कारखाने हजारोंनी आणि छोटे छोटे असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस सगळं एकदम होतं.

तिरुपूरला काय झालं?

हे "एकदम" म्हणजे काय ते बघायचं असेल तर तामिळनाडूतल्या तिरुपूरला जावं लागेल. कॉटनच्या होजिअरीचं हे देशातलं सगळ्यात मोठं निर्यात केंद्र. नोय्यल नदी पश्चिम घाटातल्या वेल्लिंगिरी डोंगरात उगम पावते, तिरुपूरमधून जाते आणि पुढे कावेरीला मिळते. १९८० नंतर निर्यात वाढली तशी डाईंग युनिट वाढली. नदीवर खाली ओरत्तुपालयम धरण बांधलं, ते १९९२ मध्ये सुरू झालं. कशासाठी? शेतीसाठी. पण त्यात डाईंगचं सांडपाणी इतकं साठलं की काही वर्षांतच शेतकरी म्हणायला लागले, "आमच्या शेतात हे पाणी सोडू नका." कल्पना करा, धरणाचं पाणी नको म्हणून भांडणारे शेतकरी!

युनिटवाल्यांनी सामाईक सांडपाणी प्रकल्प, म्हणजे सीईटीपी, उभारले होते. पण ते काकांच्या टाक्यांचेच मोठे भाऊ. रंग काढायचे, मीठ तसंच. शेतकरी न्यायालयात गेले. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं शून्य विसर्ग (झेडएलडी) करा, म्हणजे थेंबभरही सांडपाणी बाहेर सोडू नका, असा आदेश दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं आणि मुदत दिली. मुदत संपली, पाणी वाहतच राहिलं. शेवटी २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयानं सगळी डाईंग-ब्लीचिंग युनिट आणि त्यांचे सीईटीपी बंद करायला सांगितलं. सातशेच्या आसपास युनिट बंद झाली.

पुढे दोन्ही प्रकारच्या गोष्टी घडल्या, आणि दोन्ही सांगायला पाहिजेत. कामगारांची कामं गेली. कापड रंगवायला बाहेर जाऊ लागलं. शेजारच्या जिल्ह्यांत चोरून डाईंग सुरू झालं, म्हणजे एका नदीचं दुखणं दुसरीकडे गेलं. हे वाईट. पण त्याच वर्षी राज्य सरकारनं सीईटीपींना २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज जाहीर केलं. आरओ आणि बाष्पीभवन यंत्रणा बसल्या आणि युनिट टप्प्याटप्प्यानं परत सुरू झाली. आज तिरुपूर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरून चालतं.

पाणी आणि मीठ परत कसं मिळतं?

आपलंच उदाहरण पुढे नेऊ. ८० घनमीटर पाणी आरओतून काढलं. ८५ टक्के चांगलं पाणी मिळालं, म्हणजे ६८ घनमीटर. ते परत कारखान्यात. उरलं १२ घनमीटर, आणि सगळं मीठ त्यात. म्हणजे लिटरला ४० ग्रॅम.

हे सगळं १२ घनमीटर आटवायचं ठरवलं तर? एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात. १२,००० किलोला २ कोटी ७० लाख किलोज्यूल. बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर रोज अडीच टन लाकूड! मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर लावला तर ते तीन-चार पटीनं कमी होतं, पण धूर होतोच. म्हणजे पाणी वाचवताना हवा बिघडायची. झेडएलडीवरचा हा आक्षेप खरा आहे.

पण जरा थांबा. डाय-बाथला काय पाहिजे होतं? लिटरला ६० ग्रॅम मीठ. आणि आपल्या हातात लिटरला ४० ग्रॅमचं पाणी आहे! ते फेकायचं किंवा आटवायचं कशाला? त्यातला रंग आणि कठीणपणा काढा, कमी पडतं तेवढं मीठ घाला आणि ८ घनमीटर थेट डाय-बाथला द्या. आटवायला उरलं फक्त ४ घनमीटर. इंधन एक तृतीयांश. आणि रोज ४८० किलोऐवजी १६० किलो मीठ विकत आणायचं. तिरुपूरमध्ये हे मिठाचं पाणी परत वापरण्याचं तंत्र खरंच वापरलं जातं.

हे कळलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच ओरडले. कारण हे फर्स्ट इयरचं मास बॅलन्स आहे!

मग चूक कोणाची?

मी लॅबमधला टीडीएस मीटर घेऊन मामाच्या विहिरीवर गेले. मीटरनं मीठ दाखवलं. पण ते कुणाचं, हे दाखवलं नाही. खरं सांगायचं तर शिरोळच्या क्षारपड जमिनीचं मोठं कारण उसाला दिलेलं बेसुमार पाणी हे आहे. पाणी मुरत नाही, निचरा होत नाही, आणि खालचे क्षार वर येतात. मामाचा ऊस पण त्यात आला. शिवाय नदीत गावांचं मैलापाणी येतं ते वेगळंच. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोरी, माझं मला कळलं. पण त्याचं त्याला सांगशील का?"

सांगितलं. काकांना मी दोन प्रश्न विचारले: महिन्याला मीठ किती पोती येतं? आणि मागच्या दारानं किती जातं? मीठ कापडात राहत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे एकच. म्हणजे महिन्याचं मिठाचं बिल हाच नदीत टाकलेल्या पैशाचा आकडा. काकांनी लगेच होकार दिला नाही. पण त्यांचा पहिला मुद्दाही मला पटतो. एकट्यानं करून चालणार नाही. नियम सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मापानं लागू झाला तरच रेट सगळ्यांचा वाढतो आणि कुणाची पार्टी पळत नाही. तिरुपूरनं जे २०११ मध्ये दणका खाऊन केलं ते १९९२ मध्ये केलं असतं तर स्वस्तात पडलं असतं. उशिरा आलेला नियम सगळ्यात महाग असतो.

सध्या काका आणि आसपासचे नऊजण मिळून सामाईक प्लँटचं कोटेशन मागवतायत. जमेल की नाही माहीत नाही. युनिट अजून बंदच आहे आणि पंधरापैकी सहा कामगार दुसरीकडे गेलेत. त्यांचा विचार मनातून जात नाही.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी प्लँट डिझाइन करेल, कुणी मंडळात अधिकारी होईल, कुणी काकांसारखं युनिट चालवेल. तेव्हा फक्त एवढं करा: आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, हे कागदावर मांडा.

स्वाध्याय

१) आरओची रिकव्हरी ८५ ऐवजी ९० टक्के केली तर उरलेल्या पाण्यात लिटरला किती ग्रॅम मीठ राहील? ते डाय-बाथला थेट चालेल का?

२) बोअरच्या पाण्यातच लिटरला १ ग्रॅम क्षार असतील तर ६००० चा आकडा २१०० वर आणायला किती पाणी मिसळावं लागेल? उत्तर काढा आणि मग ते बोअर कुणाच्या वाट्याचं होतं याचा विचार करा.

३) तुमच्या गावातला एक कारखाना निवडा. आत काय येतं आणि बाहेर काय जातं ते विचारून या. या प्रश्नाला मार्क नाहीत.