ग्रंथ आणि माणूस

पुढे समुपदेशक व्हायचे, तर कॉलेजात धर्माचा अभ्यास करावा काय, असे तरुण आम्हांस विचारतात. अवश्य करावा, अपराधाची टोचणी, शोक, आशा यांची ओळख तेथे होते. पण तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेतील पाळक अँटन बॉइसन १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात होते. १९२५ साली त्यांनी वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाचे चार विद्यार्थी नेले. ग्रंथ वाचतो तसाच दुःखी माणूसही लक्षपूर्वक वाचावा, हा त्यांचा धडा. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट जवळ बसले, तोवर ते सांत्वनकर्ते होते. बोलू लागले आणि चुकले. म्हणून पदवीबरोबर मानसशास्त्राचेही रीतसर शिक्षण घेऊ या, आणि उत्तर देण्याआधी ऐकू या.